दुखणं अंगावर काढू नका

मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना भेटायला तुम्ही अमेरिकेला निघाला आहात. व्हिसा झाला, तिकिटं आली, मेतकूट-चटण्यांच्या पुड्या बांधून झाल्या. राहिलाय तो विमा. मुलं म्हणतात, “चांगला मोठा काढू.” आणि तुम्ही म्हणता, “कशाला उगाच खर्च? सहा महिन्यांचा तर प्रश्न. आम्हाला काय धाड भरलीय?”

माझी आईही हेच म्हणाली होती. भावाकडे न्यू जर्सीला जाताना तिने हट्टाने सगळ्यात स्वस्त विमा काढायला लावला. तिथे तिसऱ्या महिन्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली. चार दिवस ती कुणाला बोलली नाही, धण्या-जिऱ्याचं पाणी पीत राहिली. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला आणि रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर जवळच्या अर्जंट केअरमध्ये गोळ्यांवर भागलं असतं. बरी झाल्यावर ती भावाला म्हणाली, “तुला खर्चात टाकायचं नव्हतं रे.” ते ऐकून तो रडला.

म्हणून आज थोडं मोकळेपणाने बोलते.

आपला इथला मेडिक्लेम बहुधा भारतातल्या उपचारांपुरताच असतो. तिथल्या ज्येष्ठांची सरकारी ‘मेडिकेअर’ पाहुण्यांना लागू नाही. १९८६च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला पैशांवाचून परत पाठवता येत नाही, त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पण बिल मागाहून घरी येतंच. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही, म्हणून तिथे निर्णय आपल्यावर येतो.

तो घेताना आधी स्वतःच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. बीपीची ‘एकच तर गोळी’ असली, तरी विमा कंपनीच्या लेखी तो आधीपासूनचा आजार आहे. बऱ्याच पॉलिसींत अशा आजारांचा खर्च मिळत नाही, किंवा जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच मिळतो. जास्त हप्ता भरून हे संरक्षण वाढवून मिळत असेल, तर ते पैसे जरूर खर्च करा. अर्जात बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी सगळं खरं लिहा. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो आणि क्लेम नाकारला जातो.

मग बारीक अक्षरं मुलांकडून वाचून घ्या. वर ५०,००० डॉलर छापलेले असतात. पण साठीपुढच्यांसाठी काही पॉलिसींत खोलीभाडं, सर्जनची फी, तपासण्या अशा प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा असते. मोठ्या आकड्यापेक्षा त्या मर्यादा महत्त्वाच्या.

तिकीट काढताना एका क्लिकवर मिळणारा विमा बरेचदा हरवलेली बॅग आणि चुकलेलं विमान यांवरच भर देतो. त्यात दवाखान्यासाठी किती रक्कम आहे ते बघा. फारशी नसेल तर तो खुशाल सोडून द्या. हरवलेल्या साड्या पुन्हा घेता येतात.

भारतीय कंपनीची पॉलिसी निघण्याआधी इथूनच घ्यावी लागते. तिचा नंबर, मदतीचा फोन आणि औषधांची नावं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

आणि विमानात बसण्यापूर्वी मुलांना एक शब्द द्या: दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी सांगू. हप्ता भरायचा तो बिलासाठी तर खराच, पण त्याहून जास्त तुम्हाला संकोच न वाटता बोलता यावं म्हणून. विम्याचा कागद पर्समध्ये आणि दुखणं पोटात, असं मात्र होऊ देऊ नका.