धंद्याला गुरू करताना

बाळ, जयपूरच्या जवाहर नगरातल्या घरच्या दोन खोल्यांत सांगानेरी आणि बगरूच्या कापडाच्या कुर्त्या शिवून विकायचा तुझा बेत कळला. मार्गदर्शक म्हणून कुणाकुणाची नावं काढलीस, तीही कळली. सगळी माणसं मोठी आहेत आणि भलीही असतील. पण तुझी कच्ची वही घेऊन तासभर तुझ्यासमोर बसेल असा त्यांत कोण आहे? फोनवर सांगितलेलं तू 'हो मामा, हो मामा' करत विसरतेस, म्हणून लिहूनच पाठवतो.

१. भेटायला जाण्याआधी आपली अडचण एका ओळीत लिही — 'धंदा वाढवायचाय' म्हणालीस तर भाषण मिळेल, 'शंभरातल्या पंधरा कुर्त्या मापावरून परत येतात' म्हणालीस तर उत्तर मिळेल.

२. तुझ्या चार-पाच वर्षं पुढे असलेला माणूस आधी शोध, तीस वर्षं पुढचा नंतर — पहिला कारागीर कसा टिकवला आणि पहिली उधारी कशी वसूल केली, हे त्याला अजून लख्ख आठवत असतं.

३. त्याला सहज विचार, 'पावसाळ्यात बगरूची मोठी ऑर्डर घेऊ का?' — दाबूच्या कामात चिखल लावलेलं कापड उन्हात वाळावं लागतं, पाऊस लागून राहिला की काम अडतं आणि तारीख चुकते. हे ज्याच्या तोंडून आपण होऊन येईल, तो या धंद्यातला.

४. पहिल्या भेटीत तो किती प्रश्न विचारतो तिकडे लक्ष दे — ज्याला तुझं भाडं, शिलाईचा दर आणि शिल्लक कापड माहीत नाही, त्याचा सल्ला कुणालाही लागू पडेल, म्हणजे तुला पडणार नाही. गोड बोलणारा चहाला, खोडणारा वहीला.

५. वही मागेल त्याला धरून ठेव. इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. लिज्जत पापड आपल्या घरात कायम असतो, पण त्यामागचा मार्गदर्शक तुला ठाऊक नसेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पैसे दिले छगनलाल करमसी पारेख यांनी. त्यांना सगळे छगनबापा म्हणत. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा आणि ती कधी घसरू देऊ नका. हिशोब चोख ठेवायला लावला, आणि हे समाजकार्य न समजता धंदा म्हणूनच चालवा असा आग्रह धरला. पापड कसा लाटायचा हे त्या बायकांना शिकवावं लागणार नव्हतं. जे बायकांना सुचत नव्हतं तेवढंच छगनबापांनी सांगितलं, आणि पुढे त्या कामातून हजारो बायकांचे संसार उभे राहिले. असा माणूस मिळाला तर त्याच्या घरी रोज जावं लागलं तरी जा.

६. उधारीबद्दल त्याचं मत आधी ऐक — उद्यम नोंदणी असलेल्या, माल बनवणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. तो त्याला माहीत असेल तर उत्तम. पण राजा पार्कच्या दुकानदाराकडे कायद्याचं नावही न काढता पैसे कसे मागावेत हे माहीत असेल, तर त्याहून उत्तम.

७. कराचं सीएला विचार — राज्याबाहेर माल गेला की जीएसटीचे नियम बदलतात, आणि एकाच माणसाला सगळं येत नाही.

८. पहिल्याच भेटीत धंद्यात वाटा मागणाऱ्याला चहा पाजून नमस्कार कर — वाटा द्यायचाच झाला तर सहा महिने काम बघून, आणि लेखी. घाईत दिला वाटा, वर्षभर मोजा काटा.

९. नात्यातला गुरू नको, मीसुद्धा नको — तुझा उतरलेला चेहरा बघून मी 'नाही' म्हणायचं टाळीन, आणि नुकसान तुझं होईल.

१०. महिन्यातून एकदाच भेट, पण ठरलेल्या दिवशी. दोन दिवस आधी विक्री, येणं आणि शिल्लक माल हे तीन आकडे पाठव — तयारीने येणाऱ्याला माणसं पुन्हा वेळ देतात. त्याचा सल्ला मानला नाहीस तर का नाही, तेही सांग. गप्प राहिलीस की त्याचं मन त्या कामातून उडतं.

११. ओळखीतलं कुणी मिळत नाही म्हणून अडून बसू नकोस — झालाना डुंगरीत राज्य सरकारच्या आयस्टार्ट या नवउद्योगांसाठीच्या योजनेचं टेक्नो हब २०१८ पासून आहे आणि तुझ्या घरापासून ते फार लांब नाही. केंद्र सरकारचं 'मार्ग' हे मार्गदर्शक जोडून देणारं व्यासपीठही जानेवारी २०२३ पासून घरबसल्या बघता येतं.

तर या सोमवारी झालानाला एक चक्कर मार. जाताना दोन महिन्यांची वही सोबत ने, आणि ती कोरी असेल तर रविवारी बसून आधी भरून काढ.