बिलावर कापडाचं दुकान, खेळ मात्र पोकरचा

प्रश्न : मी काही वर्षं मोबाइलवर पोकर खेळतोय. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याकडच्या ॲप्सनी पैशांचे डाव बंद केले, तेव्हा मित्राने एक परदेशी साइट सुचवली. तिथे माझं एक क्रेडिट कार्ड चाललंच नाही. दुसऱ्यावरून 20,000 रुपये गेले, पण बिलावर कुठल्याशा तयार कपड्यांच्या दुकानाचं नाव आलंय. आता साइट पैसे काढू देत नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, असं वाचलं. मग बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मिळेल का? शिवाय 2024-25 मध्ये आपल्याकडच्या ॲपवर थोडे जिंकलो होतो, ते विवरणपत्रात दाखवलेले नाहीत. त्याचं काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी शिक्षेचं बघू, कारण तुमची सगळी भिस्त त्यावर दिसते. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळायचे खेळ पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतो. अशा खेळासाठी पैशांचा व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढंच. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. पैसे लावले की खेळ बंदीत आला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे तुम्ही बरोबर वाचलंत.

पण तुम्ही पैसे देशाबाहेर पाठवलेत, आणि तिथे दुसरा कायदा लागतो, फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. त्याखालच्या 2000 सालच्या नियमांत कशासाठी पैसे बाहेर पाठवायचेच नाहीत याची यादी आहे. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स ‘इत्यादी’. पोकरचं नाव त्यात नाही, पण त्या ‘इत्यादी’च्या भरवशावर राहू नका. फेमाचा भंग सिद्ध झाला तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो पैसे पाठवणाऱ्याला होतो. वीस हजारांसाठी कोणी तुमच्या दारात येईल असं मला वाटत नाही, पण ‘मला काही होत नाही’ हे डोक्यातून काढा.

पहिलं कार्ड का चाललं नाही? प्रत्येक व्यापाऱ्याला कार्ड कंपन्यांच्या व्यवस्थेत चार आकडी कोड असतो. जुगार आणि बेटिंगचा 7995. तो दिसला की बऱ्याच बँकांची यंत्रणा व्यवहार तिथेच थांबवते. आणि तो गेला असता तरी फार बरं झालं नसतं. अशा व्यवहाराला बऱ्याच बँका रोख उचल धरतात. मग बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. साधारण अडीच टक्के शुल्क म्हणजे 500, त्यावर जीएसटी 90, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे 700. पत्ते वाटायच्या आधीच तेराशेच्या आसपास गेले.

दुसऱ्या कार्डावर मात्र साइटने कोडच बदलला. कपड्यांच्या दुकानाचं खातं पुढे करून पैसे घेतले. बँकेला शर्ट दिसला, तुम्हाला चिप्स मिळाल्या. आता तक्रार काय करणार? ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं लिहून देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ग्राहकाची जबाबदारी शून्य धरतात ती त्रयस्थाने परस्पर केलेल्या व्यवहारासाठी, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर. तुम्ही स्वतः मंजुरी दिलीत, त्याची नोंद बँकेकडे आहे. ओटीपी टाकला असेल तर त्याचीही. खोटी तक्रार उलटते. खरं सांगून, व्यापाऱ्याने भलत्याच नावाने पैसे घेतले, असं लेखी कळवता येईल आणि साइट पैसे अडवून बसली आहे म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनवर नोंदही करता येईल. रक्कम परत येईल अशी आशा मात्र मी लावणार नाही. बाजी लावण्याचा करार आपल्या करार कायद्याच्या कलम 30 खाली रद्दबातल. त्या जोरावर कोर्टात वसुली होत नाही. कार्डाचं बिल मात्र देय तारखेला भरावंच लागेल, नाहीतर सिबिलवर डाग.

साइटचा कोणी एजंट टेलिग्रामवर क्यूआर पाठवून ‘यावर भरा, अडकलेले मोकळे होतील’ म्हणाला, तर सरळ ब्लॉक करा. असे पैसे भलत्याच माणसांच्या खात्यांतून फिरतात. उद्या साइटने तुम्हाला त्यातल्याच खात्यातून पाचशे पाठवले आणि ते खातं फसवणुकीच्या तपासात सापडलं, तर परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचं पगाराचं खातं गोठतं. मग हप्ता, वीजबिल, सगळंच अडतं.

आता कर. तो भरायचाच आहे, आणि लपणारही नाही, कारण त्या ॲपने कलम 194बीए खाली टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) दिसतोय. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आणि वर 4 टक्के सेस. समजा वर्षारंभी आणि वर्षअखेर ॲपवर काही शिल्लक नव्हती, 60,000 भरले, 85,000 काढले. तर 25,000 वर 7,800 रुपये. कमी उत्पन्नाची सूट नाही, कार्डाचं व्याज वजा होत नाही. आयटीआर-1 चालणार नाही, आयटीआर-2 घ्या. त्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंतच भरता येत होतं. आता आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत विवरणपत्र, पण त्यात जादा कर पडतो.

आजच्या आज दोन गोष्टी करा. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंग उघडून परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद करा. साइटला पॅन आणि आधारचे फोटो दिले असतीलच, तेव्हा तुमचा वर्षातला मोफत क्रेडिट रिपोर्ट मागवून त्यात अनोळखी कर्ज दिसतंय का बघा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघत राहा.