क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, मग काळजी कसली?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेही. नुकताच डेंग्यू झाला. क्रिएटिनिन १.१ आले. किडनी ठीक आहे असे समजावे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. क्रिएटिनिन उशिरा बोलते. किडनीची निम्मी क्षमता गेली तरी आकडा कधीकधी ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहतो. म्हणून तापाआधीचा रिपोर्ट शोधावा. तेव्हा ०.७ असेल, तर १.१ म्हणजे दीडपटीहून जास्त. आठवडाभरात एवढी वाढ झाली तर डॉक्टर तिला किडनीची तीव्र इजा मानतात. लॅबच्या कागदावर मात्र लाल खूण नसते!

लवकर चाहूल अनेकदा लघवीत लागते. सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवे. तापातही प्रथिने तात्पुरती झिरपतात, त्यामुळे एका रिपोर्टवरून घाबरू नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. मधुमेहामुळे ते आधीच वाढलेले असू शकते, इथेही जुना कागदच कामी येतो. तीन महिन्यांनंतरही जास्तच असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टना दाखवावे.

लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणणे बंद.