मोटरसायकलला जीपीएस: विकण्याआधी काय विचारायचं, बसवताना काय तपासायचं

व्हिडिओत मी कम्युटर गाडीवर ट्रॅकर बसवून दाखवला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: "सर, कोणतं मॉडेल घेऊ?" मॉडेलचं नाव शेवटी येतं. आधी माझी एक चूक ऐका, ती मला साडेअकराशे रुपयांना पडली आहे.

दुकान सुरू करून थोडेच दिवस झाले होते. पैठण रोडवरच्या एका गावातले काका आले. गाडी नवीन, बीएस ६. शेतातल्या गोठ्यात उभी राहते, चोरीची भीती. मी स्वस्तातला ट्रॅकर लावला, दोन वायरी थेट बॅटरीला, वीस मिनिटांत काम खलास. बसवायचे ४०० रुपये घेतले. आषाढात काका नाथांच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला गेले. गाडी तीन आठवडे गोठ्यात. परत आले तर सेल्फ मारेना, किकही घेईना, हॉर्नसुद्धा वाजेना. कारण या इंजेक्शनच्या गाड्यांना पेट्रोलच्या पंपासाठीही बॅटरीत जीव लागतो. बॅटरी इतके दिवस रिकामी राहिल्यामुळे चार्जिंगलाही उठली नाही. नवी बॅटरी मी माझ्या खिशातून दिली. पण पारावर बसून काका जे बोलले त्याची भरपाई कशी करणार? "त्याच्याकडून काही बसवू नका, गाडी मारतो." त्या गावातून पुढचे पाच-सहा महिने एक गिऱ्हाईक आलं नाही.

काकांचं काही चुकलं नव्हतं. हिशेब मी केला नव्हता. तो असा आहे.

ट्रॅकर चालू असताना साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर करंट खातो. ४० धरा. दिवसाचे २४ तास म्हणजे ९६० मिलिअँपिअर-अवर, जवळपास १ अँपिअर-अवर. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरीच ३ ते ५ अँपिअर-अवरची. म्हणजे ४ ची बॅटरी कागदावर चार दिवसांत रिकामी, आणि सेल्फ तर त्याच्या आधीच मान टाकतो. आता तेच मशीन गाडी उभी राहिल्यावर झोपी जात असेल आणि झोपेत ४ मिलिअँपिअरच खात असेल, तर दिवसाला ०.१ अँपिअर-अवर सुद्धा जात नाही. बरेच दिवस गाडी उभी राहिली तरी निभावतं. दोन्ही मशीन डब्यावरून सारखीच दिसतात. होलसेलर सांगेल, "दोन्ही एकच आहे भाऊ." एकच नाहीत. स्लीप करंट किती, हा प्रश्न विचारा. आकडा सांगता आला नाही तर एक नग घेऊन स्वतः मोजा. मोजायचं कसं ते पुढे सांगतो.

गिऱ्हाईक "जीपीएस" म्हणतो, त्याला हवं काय असतं?

आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तूंना लोक जीपीएसच म्हणतात. एकाला हँडलवर रस्ता बघायचा असतो, दुसऱ्याला घरी बसून गाडी कुठे आहे ते बघायचं असतं. पहिल्याला बहुतेक वेळा वेगळं मशीन लागतच नाही. चांगला मोबाईल होल्डर आणि पाणी न जाणारा यूएसबी चार्जर पुरतो. पण एक सावधगिरी सांगून ठेवा. इंजिनाच्या थरथराटाने महागड्या फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयफोनबाबत स्वतःच हा इशारा दिला होता. म्हणून रबराचा डँपर असलेला होल्डर दाखवा, दीडदोनशे रुपये जास्त मिळतात आणि शिव्या वाचतात.

दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे ट्रॅकरचं, गिऱ्हाईक बिडकीनमध्ये वाढतंय. ऑरिकच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणारे छोटे ठेकेदार, डबे पोचवणारे, दूधवाले, खत-बियाण्याचे दुकानदार ज्यांची पोरं निलजगाव, ढोरकीनपर्यंत माल टाकतात. या प्रत्येकाला मी चार गोष्टी विचारतो. गाडी सलग किती दिवस उभी राहते? रात्री कुठे लावता? तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते? आणि आरसी कोणाच्या नावावर आहे?

रेंजचा प्रश्न साधा वाटतो, पण फसवणूक इथेच होते. ट्रॅकरला जागा कळते ती उपग्रहांकडून, आणि ते उपग्रह फुकट आहेत. पण ती जागा तुमच्या मोबाईलपर्यंत पोचवायला आतलं सिम लागतं. जिओचं २जी नेटवर्कच नाही. त्यामुळे जुन्या २जी मशीनमध्ये जिओचं सिम टाकून काही उपयोग नाही. बाजारात २जीचा जुना माल अजून स्वस्तात फिरतोय, त्याच्या नादी लागू नका. ४जी घ्या, थोडं मार्जिन कमी मिळालं तरी चालेल. मशीनसोबत येणारं सिम बऱ्याचदा १३ आकडी नंबरचं असतं. ते मशीनसाठीचंच सिम असतं आणि त्याचा रिचार्ज गिऱ्हाइकाला दुकानातून मारता येत नाही, तो प्लॅटफॉर्मवाल्याकडूनच होतो. हे विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगायचं.

आरसीचा प्रश्न वेगळ्या कारणासाठी. कोणी येऊन म्हणतं, "बायकोच्या स्कूटीला गुपचूप लावून द्या." मी नाही म्हणतो. पैसे गेले तर गेले. कामगाराच्या हातातल्या गाडीलाही लावायचा असेल तर कामगाराला सांगून लावा, असं मी मालकाला म्हणतो. कळल्यावर पोरगं चिडून वायर तोडतं आणि मालक आपल्याला फोन करतो, "तुमचं मशीन बंद पडलं."

गिऱ्हाईक कधी कधी विचारतं की हे आरटीओचं बंधनकारक मशीन आहे का. ते एआयएस १४० वालं, प्रवासी वाहनांसाठीचं. दुचाकीला त्या नियमातून सूट आहे. भीती दाखवून विकू नका.

आता बसवणं

जागा पहिली. उपग्रहाचा सिग्नल प्लास्टिकमधून आणि सीटच्या फोममधून येतो, पत्र्यातून येत नाही. त्यामुळे टाकीखाली लपवायचा मोह होतो तो टाळा. सीटखाली मागच्या बाजूला किंवा प्लास्टिकच्या साइड पॅनेलच्या आत, ज्या बाजूला अँटेना आहे ती आकाशाकडे. सायलेन्सर आणि इंजिनपासून लांब. फोमची दुहेरी टेप आणि त्यावर दोन केबल टाय. फक्त टेप लावली तर उन्हाळ्यात सुटते, आणि दुधाचे कॅन लादलेल्या गाडीला आपल्या रस्त्यांवर किती हादरे बसतात ते मी सांगायला नको.

आयपी६७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, एवढाच. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याची खात्री त्यात नाही. वायर मशीनमध्ये खालच्या बाजूने वर जाईल अशी वळवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरत नाही.

वायरी साधारण तीन. लाल बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला आणि तिसरी इग्निशनची. रंग कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे डब्यातला कागद वाचा. मी काकांच्या गाडीला ही तिसरी वायर लावलीच नव्हती. ती नसली की बऱ्याच मशीनना गाडी बंद झाल्याचं कळत नाही आणि मशीन झोपत नाही. चावी फिरवल्यावरच ज्या वायरीत १२ व्होल्ट येतात ती मल्टिमीटरने शोधायची. ब्रेक लाइटच्या स्विचकडे जाणारी वायर बहुतेक गाड्यांत सोयीची पडते. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायरिंग कापू नका, टॅप किंवा कपलर वापरा. लाल वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतरात १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज हवाच. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, पण वायर सोलून फ्रेमला टेकली तर गाडी तीच वाचवते.

फ्यूजचा दुसरा उपयोग म्हणजे करंट मोजणं. गाडी बंद करा, दहा-पंधरा मिनिटं मशीन झोपू द्या. मग फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावा. आधी १० अँपिअरच्या रेंजवर, मग मिलिअँपिअरवर. फ्यूज काढल्याने मशीन पुन्हा जागं होतं, म्हणून पिना तशाच धरून थोडं थांबावं लागतं. आकडा पाचच्या आसपास स्थिरावला तर ठीक. चाळीसवरच राहिला तर गाडी गिऱ्हाइकाला देऊ नका.

पहिल्यांदा जागा पकडायला मशीनला काही मिनिटं लागतात, त्यामुळे शटरच्या आत उभं राहून "लोकेशन येत नाही" म्हणू नका. गाडी मोकळ्यावर काढा. बाजारापर्यंत एक चक्कर मारा आणि गिऱ्हाइकाच्याच मोबाईलवर चारही गोष्टी दाखवा: चावी चालू, चावी बंद, गाडी हलली, वायर काढली.

इंजिन बंद करणारा रिले मागतील. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद झालं तर मागून ट्रक येत असतो. मी तो शक्यतो लावत नाही. गाडी चोरीला गेलीच तर लोकेशनचा स्क्रीनशॉट काढून ११२ ला फोन करा, पोरांना घेऊन स्वतः मागे जाऊ नका, हेही मी सांगतो.

पैसे कुठे आहेत

उदाहरण धरा. मशीन १,७०० ला आलं, २,४०० ला विकलं, बसवायचे ४०० वेगळे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे ९०० घेतले, त्यातले ६५० प्लॅटफॉर्मला गेले, २५० तुमचे. साठ गाड्या झाल्या की वर्षाला १५,००० रुपये पाना न उचलता. तुमच्या होलसेलरचे आकडे टाकून बघा. पण हे तेव्हाच, जेव्हा पहिल्या दिवशी बिलावर मशीन, फिटिंग आणि वार्षिक खर्च अशा तीन ओळी वेगळ्या लिहिलेल्या असतील. "एक वर्ष फ्री" एवढंच बोललात तर तेराव्या महिन्यात गिऱ्हाईक तुम्हाला लबाड म्हणेल. मी एका वहीत गाडी नंबर, सिम नंबर, बसवल्याची तारीख, मोजलेला झोपेतला करंट आणि नूतनीकरणाची तारीख लिहितो, आणि तारखेच्या पंधरा दिवस आधी फोन करतो.

ते पालखीवाले काका गेल्या वर्षी पुतण्याची गाडी घेऊन आले. मी मीटर लावला तेव्हा स्वतः वाकून आकडा बघितला. चार पॉइंट दोन. "लिहून दे," म्हणाले. मी बिलाच्या मागे लिहून सही केली.