चप्पल पायाला धरते ना?

अगं, तू आता साठीला आलीस, म्हणून थोरलीच्या हक्काने सांगते. बीपीची, गुडघ्यांची चौकशी सगळे करतात. पायातल्या चपलेची कुणी करत नाही.

गेल्या श्रावणात मी अंगणातल्या पायरीवर पडले. शेवाळ होतंच, पण पायातली स्लिपरही झिजून गुळगुळीत झाली होती. तळाला रेघा असतात तोवर त्यांतून पाणी निघून जातं. त्या झिजल्या की पाय सटकलाच. म्हणून पावसाळ्याआधी चप्पल उलटी करून बघ. टाच एका बाजूने झिजली असेल तर जीव अडकवू नकोस, टाकून दे. कोल्हापुरी चप्पल कोरड्या दिवसांत घाल. चामड्याचा तळ ओल्या लादीवर घसरतो.

चपलेने पायाला धरावं, पायाने चपलेला नव्हे. मागे पट्टा नसला की बोटं आवळून ती सांभाळावी लागते, पाय घासत चालतो आणि उंबऱ्याला ठेच लागते. मागून बंद असलेलीच घे. वाकून बक्कल लावणं जमत नसेल तर वेलक्रोची घे.

दुकानात गादीसारखी मऊ चप्पल दाखवतील. भुलू नकोस. तळपायाला खालची जमीन कळते, म्हणून तोल सावरतो. जाड, मऊ तळ असला की ती कळतच नाही. तळ पातळ नि घट्ट हवा, टाच बुटकी नि रुंद हवी. अंबाडी नाक्यावर चप्पल घ्यायला जाशील तेव्हा संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांत घालून चार पावलं चालून बघ.

घरात नुसत्या मोज्यांवर फिरू नकोस. घरासाठी वेगळी, न घसरणारी चप्पल ठेव. शुगर असेल तर रोज रात्री तळपाय बघ. बधिर पायाला खडा रुतलेला कळत नाही.

वज्रेश्वरीच्या 52 पायऱ्या मात्र अनवाणीच चढायच्या. तिथे कुणाचा तरी हात धर. उतरताना तर नक्कीच, कारण चढण्यापेक्षा उतरताना तोल जास्त जातो. हात मागायला लाजू नकोस. देवीपुढे कसली लाज?

आणि एका पायावर उभं राहून चप्पल घालायची सवय सोड. मी दाराशी स्टूल ठेवलंय. पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी त्यावर बस, मग चप्पल काढ.