नाडी न लागणारा विकार आणि नेत्र
जपानमधील नेत्रतज्ज्ञ मिकिटो ताकायासू यांनी १९०८ साली एका २१ वर्षांच्या तरुणीच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे विलक्षण कडे वर्णिले. अशाच रुग्णांच्या मनगटास नाडी लागत नसल्याचे अन्य दोघा वैद्यांनी निदर्शनास आणले. महाधमनी व तिच्या शाखा दाहाने अरुंद होतात. मानेतील धमन्या आकसल्या की डोळ्यास रक्त अपुरे पडते व उभे राहताच अंधारी येते. चाळिशीच्या आतील स्त्रियांत हा विकार अधिक. त्यामुळे ही अंधारी अशक्तपणाच्या खाती जमा होते, हेच घातक. मूत्रपिंडाची धमनी आकसल्यास रक्तदाब वाढून दृष्टिपटलास निराळीच इजा पोहोचते. हातावर मात्र तो कमी भरतो. अशा वेळी पायावरही मोजावा लागतो. स्टेरॉइडने दाह आवरतो, परंतु दीर्घकाळ घेतल्यास मोतीबिंदू वा काचबिंदू संभवतो; म्हणून उपचारकाळातही नेत्रतपासणी चालू ठेवावी लागते.