जुन्या घरांची दुरुस्ती : रूप राखून सुखसोयी

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल परिसराचे स्वरूप पालटू लागले. विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सपाट करण्यात आली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि उलवे, तरघर, कोपर, चिंचपाडा आदी गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन करण्यात आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विकास अपरिहार्य आहे. परंतु एकदा पाडलेले जुने घर पुन्हा उभे राहत नाही. म्हणूनच तालुक्यात अद्याप उभ्या असलेल्या जुन्या घरांचा विचार वेळीच व्हावयास हवा.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच तालुक्यातील शिरढोण येथे झाला. तेथील फडके वाड्याचे मोल सर्वांस ठाऊक आहे. मात्र ओटी, माजघर, पडवी आणि उतरते कौलारू छप्पर असलेले सामान्य कुटुंबाचे घरही त्या काळाच्या राहणीचा तितकाच बोलका पुरावा होय.

चुना की सिमेंट?

दुरुस्तीतील सर्वांत घातक चूक म्हणजे जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देणे. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतील व पावसातील ओलावा शोषते आणि पुढे हवेत सोडते. सिमेंटच्या थरामुळे ही वाट बंद होते. ओल आत साचते, क्षार फुटतात, विटा झिजतात आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजतात. वरून घर नवे दिसते, आतून मात्र खिळखिळे होते. मळलेल्या चुन्याचा गिलावा हाच येथे योग्य उपाय.

कामाचा क्रम

प्रथम छप्पर पाहावे. फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात आणि जोत्यालगत साचणाऱ्या पाण्यास वाट करून द्यावी. त्यानंतरच भिंतींस हात लावावा. लाकडाचा कुजलेला भाग तेवढाच कापून सांधा द्यावा. संपूर्ण खांब बदलू नये. स्नानगृह व शौचालय मागील पडवीत घेतल्यास दर्शनी भाग अबाधित राहतो. जुन्या कामात घातलेला नवा भाग ओळखता यावा, हे तत्त्व १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही मान्य केले आहे.

पंचायतीचे कर्तव्य

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. गावांनी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घरांची कर आकारणी नोंदवही ग्रामपंचायतीकडे असतेच. तिच्या जोडीस जुन्या घरांची छायाचित्रे, मोजमापे व बांधकामाचे साहित्य यांची स्वतंत्र यादी ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरांचे आराखडे काढून घ्यावेत. चुन्याचे काम जाणणारे गवंडी व जुने सुतार यांचीही नोंद व्हावी. कारण ही माणसे गेली की घरे राखण्याची विद्याही त्यांच्याबरोबर जाईल.